हिवरदऱ्याचा बर्गर

अनुपमाने डब्याचं झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि न राहवून पुन्हा उघडलं. आत दोन बर्गर होते, बटर पेपरात गुंडाळलेले, एकमेकांना चिकटून दबलेले. पाव खालून ओलसर झाला होता. तिने बोटाने दाबून पाहिला. गार. मुलुंडच्या कुठल्याही बेकरीवाल्याने असला माल काचेमागे ठेवला नसता.

"कोणी दिले म्हणालास?" तिने बाथरूमच्या दिशेने आवाज दिला.

"सुहासिनीने. हिवरदऱ्याची गं. आमच्या शाळेच्या मेसमधल्या मेट्रनबाईंची मुलगी. रिटायर होऊन मुलाकडे आलीय, आपल्या मुलुंड ईस्टलाच. आज चर्चमध्ये भेटली."

जयवंत हात पुसत बाहेर आला. शनिवारचा पांढरा शर्ट अजून अंगात होता. खुर्चीत बसून त्याने कागद सोडवला, एक घास घेतला आणि चावता चावता थांबला. मग डोळे मिटून पुन्हा हळूहळू चावू लागला. लेक झाली तेव्हाचा, फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हाचा, वडील गेले तेव्हाचा, असा नवऱ्याचा प्रत्येक चेहरा अनुपमाने पाहिला होता. हा मात्र चोवीस वर्षांत पाहिला नव्हता.

"हाच," तो म्हणाला. "अनू, हाच गं तो. चव घेऊन बघ."

"माझं पोट भरलंय," अनुपमा म्हणाली. पोट कसलं भरलंय! पोटात दुखायला लागलं होतं.

त्याचं असं होतं. जयवंत साळवे वाढला तो नाशिककडच्या हिवरदरा गावात, मिशन शाळेच्या आवारात. घराणं अ‍ॅडव्हेंटिस्ट, म्हणजे रविवार नव्हे तर शनिवार पाळणारे ख्रिस्ती. मांसमच्छी नाही, चहा-कॉफी नाही, आणि शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी बुडेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. वडील आवारातली बेकरी बघायचे. तिथल्या मेसमध्ये कुणा अमेरिकन मिशनरी बाईने फार पूर्वी एक बिनमांसाचा बर्गर शिकवून ठेवला होता. कणीक भिजवून पाण्याखाली धूत राहायची, चिवट गोळा तेवढा उरवायचा, तो उकडून बारीक करायचा आणि त्यात दाण्याचं कूट, ओट्स, कांदा, लसूण, सोया सॉस घालायचा. आता ती शाळा बंद पडली होती आणि बेकरीच्या जागी कांद्याचं गोडाऊन आलं होतं. मुंबईत येऊन जयवंतला तीस वर्षं झाली, हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढता काढता केस पिकले, पण गावची गोष्ट निघाली की गाडी फिरून फिरून बर्गरवरच यायची.

अनुपमा भांडुपच्या परबांची. मालवणी. माहेरी ज्या दिवशी मासा नसे त्या दिवशी जेवण झालं असं कुणी म्हणत नसे. ती प्रेमात पडली, हट्टाने लग्न केलं आणि घरात मासळी शिजवायची नाही हे स्वतःहून ठरवलं. जयवंतने तसं सांगितलं नव्हतं. तिचा चहा, गणपतीतला तिचा माहेरचा मुक्काम, कशालाच त्याने कधी हरकत घेतली नाही. शनिवारीसुद्धा ती खुशाल गॅस पेटवून गरम वरणभात वाढायची. "मी कुठे तुमच्यातली, मला नाही पाप लागत," म्हणायची आणि तो हसत जेवायचा. चर्चला मात्र ती कधी गेली नाही. त्याने बोलावलं होतं, पण आपण तिथे उपऱ्या वाटू याचीच तिला धास्ती. त्याच्या त्या सगळ्या हिवरदऱ्यात तिला शिरायला एकच वाट होती, आणि ती म्हणजे हा बर्गर. दर वाढदिवसाला ती तो करायची. हात भरून येईपर्यंत कणीक धुवायची आणि तव्यावरून थेट ताटात, वाफा निघत असताना वाढायची. दर वाढदिवसाला जयवंत म्हणायचा, "छान. जवळजवळ तसाच झालाय."

जवळजवळ! हा शब्द तिने चोवीस वर्षं गिळला होता. दोनदा सॉस बदलून पाहिला, एकदा अक्रोड घातले, एकदा तर बीट. शेवटी तिने मनाची समजूत घातली की लहानपणची चव कुणालाच जमत नसते. आणि आता कोण कुठली सुहासिनी येते आणि पहिल्या फटक्यात "हाच"!

त्या दिवसापासून दर शनिवारी डबा येऊ लागला. रिकामा डबा परत पाठवायचा नसतो, एवढी रीत अनुपमाला होती. खोबऱ्याच्या वड्या गेल्या, खटखटे लाडू गेले. भरताना झाकण मात्र जरा जास्तच जोरात बसायचं. जयवंत चर्चहून आला की ती त्याला कॉलरपासून बुटापर्यंत न्याहाळायची. खुशीत असला तर का खुशीत, गप्प असला तर का गप्प. एकदा तर तिने त्याचा मोबाईल उघडला. सुहासिनीचे चार मेसेज होते. एकात प्रार्थनेची वेळ, एकात कुणाच्या तरी ऑपरेशनची बातमी, एकात बायबलमधलं वचन, आणि चौथा, "डबा आणायला विसरू नकोस". हा चौथा तिने तीनदा वाचला आणि स्वतःचीच लाज वाटून मोबाईल पालथा ठेवला.

"अगो बाय माझे," तिची बहीण शकु फोनवर म्हणाली, "साठीक इली ती बाई. तुझो घोव खंय पळान जातलो ह्या वयात?"

"पळून गेला असता तर परवडलं असतं गं. भांडता तरी आलं असतं. हा इथेच बसून डोळे मिटून खातो. डोळे मिटून जिथे जातो ना शकु, तिथे ती आहे. मी नाही."

"मगे शीक जा तिच्याकडसून."

"मी? तिच्या दारात जाऊ?"

पण गेली. फेब्रुवारीत वाढदिवस चार दिवसांवर आला आणि यंदा "जवळजवळ" ऐकायचं नाही असा तिने चंगच बांधला. नंबर जयवंतच्याच मोबाईलमधून घेतला. "लिहून दिलं तर यायचं नाही ते. शुक्रवारी दोनला ये आणि बघूनच जा," सुहासिनी म्हणाली होती. जयवंतला न सांगता अनुपमा रेल्वेचा पूल ओलांडून ईस्टला उतरली. जाताना तिने कानात झुमके घातले, मंगळसूत्र पदरावर काढलं.

दार उघडणारी बाई बुटकी, जाडसर, कापलेल्या पांढऱ्या केसांची. गळ्यात काही नाही, कानात काही नाही. खांद्यावर नॅपकीन.

"अनुपमा ना? ये गं. फोटोतल्यापेक्षा बारीक आहेस."

अनुपमाला आपले झुमके अचानक फार मोठे वाटू लागले.

"चहा आमच्याकडे नसतो, तुला माहीतच असेल. भाजलेल्या गव्हाची कॉफी देते."

कॉफीला करपलेल्या पोळीची चव होती. अनुपमाने कप संपवला आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली, परीक्षेत कॉपी पकडायला मास्तरीणबाई उभ्या राहतात तशी. कणीक तीच, पाणी तेच. कूट तसंच जाडंभरडं. लसूण चार पाकळ्या. ती पाच घालायची, पण एका पाकळीने चोवीस वर्षं कुणी वाया घालवत नाही. काहीतरी नक्कीच होतं आणि ते ही बाई लपवत होती.

"गॅलरीतून धुतलेला पंचा आण गं तेवढा," सुहासिनी म्हणाली.

आता घालणार! अनुपमा पंचा ओढून तीन ढांगांत परत आली. सुहासिनी शांतपणे बोटांचं सारण वाटीच्या कडेला निपटत होती.

"तुम्ही आणि जय एकाच वर्गात होतात?" जरा वेळाने अनुपमाने खडा टाकून पाहिला.

"छे गं! तो तीन वर्षं मागे. शेंबडं पोर होतं. त्याची आई लवकर गेली ना, म्हणून आमची आई मेसमध्ये त्याच्या ताटात एक जास्तीचा टाकायची. हा बर्गरच. मला राग यायचा. मुलगी मी, आणि जास्तीचा त्याला!"

सुहासिनी हसली. अनुपमा हसली नाही. सासू लवकर गेली हे तिला ठाऊक होतं. जास्तीचा बर्गर ठाऊक नव्हता. चोवीस वर्षांत जयवंतने एवढंसं सांगितलं नव्हतं आणि ते तिला या बाईच्या तोंडून कळावं!  

पाच वाजत आले. पॅटी तळून झाल्या. सुहासिनीने त्या कांदा-टोमॅटोच्या रश्शात बुडवून काढल्या, ब्राऊन पावात घातल्या, एकेक बर्गर कागदात घट्ट गुंडाळला, सगळे डब्यात दाबून भरले आणि वर पोळपाट ठेवून त्यावर डाळीची बरणी चढवली. फ्रीजवर चर्चचा कागद चिकटवलेला होता, दर शुक्रवारच्या सूर्यास्ताच्या वेळांचा. आज सहा पस्तीस. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि ओटा पुसायला घेतला.

"एक चाखू का?" अनुपमाने विचारलं.

"आत्ता? आत्ता काय लागणार त्यात? उद्या जेवणापर्यंत मुरू दे."

"उद्यापर्यंत?"

"मग? शुक्रवारी करायचा, शब्बाथाला खायचा. शनिवारी मेसची चूल कुठे पेटायची? जन्मात गरम खाल्ला नाही बघ आम्ही हा."

अनुपमा बरणीकडे बघत राहिली. तिच्या कानशिलांतून गरम वाफा निघाल्या. नियम तिला पहिल्या दिवसापासून पाठ होता. पण नियमालाही चव असते, हे कुठे ठाऊक होतं? आणि ती मालवणी! बांगड्याचं तिखलं दुसऱ्या दिवशी कसं लागतं हे परबांच्या मुलीला कुणी शिकवायला हवं? तरी वर्षानुवर्षं ती तव्याशी उभी राहून, नवरा ताटावर बसल्याशिवाय पॅटी सोडत नव्हती. वाढदिवसाला नवऱ्याला शिळं वाढलं असतं तर आईने कान पिळला असता. तिच्या घरी जीव लावायचा म्हणजे गरम वाढायचं, आणि त्या गरमपणानेच सगळा घोळ केला होता. जयवंतने तरी सांगावं? पण त्यालाही काय माहीत! मेसमधल्या पोरांना ताटात येईल तेवढंच कळायचं.

"तू कसा करतेस गं?" सुहासिनीने विचारलं.

"असाच," अनुपमा म्हणाली आणि तिने पर्स उचलली.

सोमवारी जयवंत ड्युटीवर गेल्यावर तिने सगळं तसंच केलं. लसणाच्या चार पाकळ्या, रस्सा, कागद, वर पोळपाट आणि त्यावर वरवंटा. सारण जास्त झालं, ते डब्यात घालून फ्रीजमध्ये सारलं. संध्याकाळभर ती गुणगुणत होती. उद्या तो डोळे मिटेल आणि "हाच" म्हणेल, आणि मग ती म्हणेल, मी केलाय. बस, दोनच शब्द. सुहासिनीच्या डब्याचं काय करायचं ते नंतर बघता येईल.

मंगळवारी जयवंतने रजा घेतली होती. बारा वाजता तो ताटावर बसला. अनुपमाने कागदासकट बर्गर वाढला. त्याने कागद सोडवला, घास घेतला, थांबला. डोळे मिटले. 

"हाच," जयवंत म्हणाला.

तिने तोंड उघडलं.

"सुहासिनीने पाठवले?" त्याने डोळे उघडून विचारलं. मग मान वळवून गॅसकडे पाहिलं. शेगडी रिकामी होती. "आणि तुझे?"

"माझे कुठले?"

"वाढदिवसाचे. दरवर्षी करतेस ना. हे काय, मी शनिवारी खातोच की. आज तुझे खायचे म्हणून सकाळपासून पोह्यांनासुद्धा शिवलो नाही."

 "माझे जवळजवळ असतात," ती म्हणाली. आवाज चिडका आला.

"कसले जवळजवळ! अजिबात तसे नसतात. तू एवढा जीव काढतेस तसेच व्हावेत म्हणून, मग काय म्हणू? तुला बरं वाटावं म्हणून म्हणतो." त्याने बर्गर ताटात ठेवला. "कड करपलेली, आतून भाजणारा. चष्म्यावर वाफ येते. तसला हिवरदऱ्यात कुणी बघितलाय? या वर्षी कंटाळलीस का?"

तो खरोखर हिरमुसला होता. चोपन्न वर्षांचा माणूस, आणि चेहरा असा की शाळेच्या पोराचा डबा कुणी पळवलाय. मी केलाय, हे दोन शब्द अनुपमाच्या जिभेवर तयार होते. ते बोलली असती तर ती जिंकली असती, आणि पुढच्या वर्षीपासून कायम तिला हाच करावा लागला असता, गार, दबलेला, दुसरीच्या आईचा.

"हो, तिनेच पाठवलेत," अनुपमा म्हणाली. "म्हटलं आधी हे संपव. माझं सारण फ्रीजमध्ये आहे. करते ना."

जयवंतचा चेहरा उजळला. "मग तिला थँक्यू तरी म्हणतो," म्हणून त्याने डाव्या हाताने मोबाईल पुढे ओढला.

"नंतर कर. झोपली असेल."

"सव्वाबाराला?"

रिंग वाजू लागली. हात बरबटलेला म्हणून त्याने स्पीकर लावला.  ती बाई खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. एका दुपारच्या ओळखीवर अनुपमाने हे पैजेवर सांगितलं असतं. आता सगळं बाहेर पडणार आणि नवऱ्यासमोर आपली शोभा होणार.

"अगं सुहासिनी, बर्गर मिळाले हं. झकास!"

 सुहासिनीचा आवाज आला, सावकाश. "कसे झालेत?"

"कसे म्हणजे? मेट्रनबाई आठवल्या."

"मग चांगलेच झाले म्हणायचे. देव तुला बरं ठेवो रे. अनुपमाला दे जरा."

अनुपमाने स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"मुरले ना नीट?" सुहासिनीने विचारलं.

"मुरले."

"मग माझं नाव कशाला घातलंस?"

अनुपमा ओट्याला टेकली. खोटं सुचत नव्हतं आणि सुचलं असतं तरी या बाईपुढे चाललं नसतं. "त्याला माझा गरम हवाय," ती हळूच म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

"तुला माहीत नव्हतं? बाकी सगळ्या चर्चला माहीत आहे! दर शनिवारी माझा डबा हातात घेऊन उभा राहतो आणि तुझ्या त्या गरम बर्गरचं पुराण लावतो. कड कशी असते, वाफ कशी येते. आईची रेसिपी आमची, शुक्रवारी कंबर माझी मोडते, आणि कौतुक कुणाचं? खोटं कशाला बोलू अनुपमा, जळायला होतं गं मला. शुक्रवारी म्हणूनच विचारलं तू कसा करतेस. तू काही सांगितलं नाहीस."

 अनुपमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी पोटातून हसू उसळून येत होतं. तीन महिने ती ज्या बाईच्या नावाने बोटं मोडत होती, ती पुलापलीकडे बसून हेच करत होती.

"तुम्ही जेवलात?" तिने विचारलं.

"नाही अजून. मुलगा-सून ऑफिसला. काहीतरी खाईन."

"काहीतरी नको. निघा. पूल ओलांडून येईपर्यंत माझा तवा तापतो."

 पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला. "साडी बदलते आणि निघते," सुहासिनी म्हणाली.

अनुपमाने फोन ठेवला, सारणाचा डबा बाहेर काढला आणि दारातून डोकावली.

"जय, खालून आणखी दोन पाव आण," ती म्हणाली. "आणि एक जास्तीचं ताट मांड."